घडी मी घातली होती

‘वास घे,’ वकीलअक्का म्हणाल्या.

साडीचा पदर त्यांनी माझ्या आईच्या नाकाशी धरला होता. आई मागे सरली तसा पदर पुढे सरला. लग्नघर होतं ते. बसवनगुडीतल्या त्यांच्या बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात आठ-दहा बायका बसल्या होत्या. कुणी सुपारी-हळकुंडांच्या पुड्या बांधत होत्या, कुणी नुसत्याच टेकल्या होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

‘घे की. आमच्या मुलीची मुहूर्ताची साडी ही. देवापुढंसुद्धा ठेवली नाही अजून. कुणाच्या घामाचा वास येतोय बघ.’

आईनं वास घेतला. मी बारा वर्षांची, आईच्या मागे उभी, हातात रिकामी उशीची खोळ. त्याच खोळीत घालून आम्ही ती साडी आणली होती.

मग आई वळली. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाली, ‘हीच नेसली असेल, अक्का. मी नव्हते घरी.’

मी नेसले नव्हते.

वकीलअक्कांनी मला पुढे बोलावलं. ‘हात वर कर.’ मला कळलं नाही. ‘दोन्ही.’ मी दोन्ही हात वर केले. त्या वाकल्या आणि त्यांनी माझ्या काखेचा वास घेतला. बाजारात खरबूज हुंगून बघतात तसा. बायका हसल्या. एकीनं ‘अय्यो’ म्हणून तोंडावर पदर घेतला. मी हात खाली घेतले नाहीत. कारण खाली घे, असं कुणी सांगितलं नव्हतं.

किती वेळ तशी उभी होते ते आठवत नाही. हात भरून आले, एवढं आठवतं.

हे आज सांगायचं कारण माझी धाकटी बहीण. तुम्ही तिला ओळखता. कन्नड सिनेमा बघत असाल तर नक्कीच, नसाल बघत तरी बेंगळुरूच्या रस्त्यांवर दागिन्यांच्या जाहिरातीत तिचा चेहरा दोन मजले उंच लावलेला असतो. पडद्यावरचं तिचं नाव मी इथे घेणार नाही. ते नाव आमच्या घरात कुणी ठेवलेलं नाही. घरी ती चिन्नी. हल्ली तिचं लहानपण, तिचं घराणं, तिचे कष्ट, यांच्यावर लोक मन लावून बोलतात. मुलाखती होतात. त्या लहानपणात एक मोठी बहीण आहे. तिनं चोरून गिऱ्हाइकाची साडी नेसली आणि आईला मान खाली घालायला लावली. ती मोठी बहीण म्हणजे मी.

आता आमच्या घराण्याचं ऐका. फार लांबण लावत नाही.

आम्ही शिंपी. आमचे लोक इकडे कधी आले, कुणाबरोबर आले, ते कुणालाच धड सांगता येत नाही. बाहेर कन्नड आणि घरात मराठी, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. वडील चिकपेटेत एका दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसायचे. मी दहा वर्षांची आणि चिन्नी सहा वर्षांची असताना ते गेले. मशीन आईला चालवता येत नव्हतं. तिला कुच्चू बांधता येत होता.

रेशमी साडीच्या पदराला शेवटी मोकळ्या दशा सोडलेल्या असतात. त्यांचे पेड करून, गाठी मारून, मणी ओवून जे गोंडे करतात त्याला इथे कुच्चू म्हणतात. या गावात कुच्चूशिवाय रेशमी साडी कुणी नेसत नाही. आणि तो बांधणाऱ्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नसतं. पाटावर पदर ताणून, त्यावर वरवंटा ठेवायचा आणि मान खाली घालून बसायचं. एका साडीला एक दिवस. जड पदर असेल तर दोन.

या कामाचा एक नियम आहे. साडी उघडायची नाही. पदराचा हातभर तुकडा तेवढा बाहेर काढायचा, बाकीची साडी दुकानातून आली तशी, आतल्या कागदासकट, त्याच घडीत राहिली पाहिजे. काम झालं की पदर जागच्या जागी. परकी साडी आपल्या घरी आठ-आठ दिवस राहते, पण तिचं पोट आपण बघायचं नाही, असं आई म्हणायची.

वकीलअक्कांचे यजमान मोठे वकील, म्हणून आम्ही त्यांना वकीलअक्का म्हणायचो. तेही मराठी बोलणारे. तीन-चारशे वर्षांपूर्वी आलेलं घर, सगळे शिकलेले, सगळे हुद्द्यावर. आईला याचं फार अप्रूप. ‘आपली भाषा बोलणारी माणसं आहेत ती,’ म्हणायची. ती माणसं आम्हाला बाजूच्या फाटकातून आत घ्यायची. कॉफी द्यायची, नाही असं नाही. पण आमचे दोन लोटे मागच्या नळापाशी कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे. पिऊन झालं की आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. एकदा आईनं उगाच सलगी दाखवून, ‘आपण सगळी मराठीच की अक्का,’ असं म्हटलं. वकीलअक्का हसून म्हणाल्या, ‘होय बाई. पण भाषा एक झाली म्हणून पंगत एक होत नाही.’ आई पण हसली. मला तेव्हा कळलं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. अजूनही कळलेलं नाही.

त्या दिवशी मात्र आम्हाला पुढच्या फाटकातून बोलावलं. पहिल्यांदाच. लग्नघर, म्हणून असेल. मी आनंदानं चप्पल काढून पायऱ्या चढले.

आता ती साडी. चिन्नीच्या शाळेत वार्षिक कार्यक्रम होता. ती आठ वर्षांची. नाचात मधोमध देवी उभी राहणार होती. बाईंनी वर्गात सांगितलं, जिच्या घरून रेशमी साडी येईल ती देवी. चिन्नी सगळ्यांत चांगली नाचायची, पण आमच्या घरात आईची म्हणून एकही रेशमी साडी उरलेली नव्हती. दुसऱ्यांच्या मात्र सहा होत्या, पत्र्याच्या पेटीत. चिन्नी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं पेटी उघडली.

‘आई, ती वकीलअक्कांची,’ मी म्हटलं.

‘तासाभराचं काम आहे. गप बस की.’

आईनं स्वतःच्या हातानं ती साडी चिन्नीला नेसवली. मोठी साडी, एवढीशी पोर. दुहेरी करून, कमरेला नाडी बांधून, टाचण्या न लावता. टाचणीचं भोक पडेल म्हणून. तोंडाला भरपूर पावडर थापली. शाळेचा हॉल पत्र्याचा होता आणि आत शंभर माणसं. चिन्नी घामाघूम होऊन नाचली.

खरं सांगायचं तर ती फार सुंदर दिसली. मला तिचा अभिमान वाटला. पाहुण्या म्हणून आलेल्या एका नृत्यशिक्षिकेनं तिला तिथेच हेरलं आणि फुकट शिकवीन म्हणाली. चिन्नीचं जे काही झालं ते त्या एका तासात सुरू झालं. माझंही.

घरी आल्यावर आईला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. ती म्हणाली, ‘तू घडी घाल.’ मी साडी वाऱ्यावर धरली, हातानं झटकली आणि घडी घातली. पण आम्हाला उघडायचीच बंदी असलेली ती साडी. दुकानाची घडी कशी असते ते मी कधी आतून बघितलेलं नव्हतं. मी आपली घरची घडी घातली, आईच्या सुती साड्यांची घालायचे तशी. कागद मध्ये सरकवला. वर आईची उशी दाबून ठेवली.

जरीचा काठ घडी विसरत नाही. वकीलअक्कांनी साडी उलगडली तेव्हा काठाच्या जरीवर दोन-दोन घड्या उमटलेल्या होत्या. एक दुकानाची, एक माझी. त्या बघून त्यांनी पदर नाकाशी नेला.

म्हणजे चूक माझीही होती. मी ती नाकारत नाही. माझी चूक घडीएवढी होती.

त्या दिवशी घरी परतल्यावर आईनं केसरीभात, म्हणजे इकडचा गोड शिरा, केला. साजूक तूप घालून, सणाला करतात तसा. मला वाढला, चिन्नीला नंतर. मी तो खाल्ला. दोनदा मागून घेतला. त्या व्हरांड्यात हात वर करून उभी राहिले त्याची मला आता लाज वाटत नाही. तो केसरीभात खाल्ला, त्याची वाटते.

मी खात असताना आई म्हणाली, ‘तुझं वय चुकायचं आहे गं. माझं नाही. मी नेसवली असं कळलं असतं तर उद्यापासून पेटी रिकामी.’

बरोबर होतं तिचं. पेटी रिकामी झाली नाही. वकीलअक्कांनी ओरडून, लग्नघराला तमाशा दाखवून, पुन्हा आईलाच काम दिलं, कारण आईसारखा कुच्चू बांधणारी त्यांना दुसरी मिळाली नसती. फक्त एक अट घातली. ‘साडी न्यायला-आणायला ती मोठी नको.’ म्हणजे आईला माफी आणि मला बंदी. बाकीच्या घरांनीही तेच धरलं. मी आईबरोबर गेले तरी फाटकाबाहेर उभी. आतून आवाज यायचा, ‘आलीय का ती? बाहेरच राहू दे.’

दहावीनंतर माझी शाळा सुटली. चिन्नीचा नाच सुटला नाही. सकाळी आठपासून उजेड असेतो मी पाटाशी. तिच्या घुंगरांचं, कपड्यांचं, बसच्या पासचं सगळं त्या गाठींतून निघायचं. दोन स्थळं आली आणि परत गेली. दुसऱ्या वेळी मध्यस्थबाईंनी आईच्या तोंडावर सांगितलं, ‘मुलगी कामाची आहे, पण हाताची नीट नाही म्हणतात.’ आई तेव्हाही बोलली नाही. तिसरं स्थळ आलं ते मीच परत पाठवलं. म्हटलं, आता पुरे.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटचे तीन महिने मी तिचं सगळं केलं. रोज वाटायचं, आज बोलेल. बोलली नाही. ती का गप्प राहिली ते मला समजतं. विधवा बाई, दोन पोरी, दुसऱ्यांच्या साड्यांवर चालणारं घर. सगळं समजतं. पण समजलं म्हणून माफ झालं, असं नाही.

आता हनुमंतनगरात मी माझ्या खोलीत काम करते. चार पोरी माझ्याकडे शिकतात. मागच्या वर्षी त्यातल्याच एकीनं मोबाइलवर चिन्नीची मुलाखत लावली. आम्ही पाचही जणी गाठी मारत ऐकत होतो. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुमच्या मनात ही जिद्द कुठून आली? चिन्नीनं खाली बघितलं. मग डोळे वर केले. हे तिला चांगलं जमतं. म्हणाली, ‘मी आठ वर्षांची होते. माझ्या अक्कानं चोरून एका गिऱ्हाइकाची साडी नेसली. त्या घरच्या बाईंनी चारचौघांत माझ्या आईला त्या साडीचा वास घ्यायला लावला. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या आईला कुणाच्या साडीला हात लावावा लागणार नाही.’

टाळ्या पडल्या. लोकांनी डोळे पुसले.

पोरींचे हात थांबले होते. लग्नघरातल्या त्या बायकांसारखेच. एकीनं हळूच विचारलं, ‘अक्का, ती अक्का म्हणजे तुम्ही?’

मी चिन्नीला फोन केला. दोन दिवसांनी तिनं उचलला.

‘चिन्नी, ती साडी तुझ्या अंगावर होती.’

‘अक्का, मी लहान होते. मला काय आठवतं?’

‘नाच आठवतो? देवी आठवते?’

मग म्हणाली, ‘बरं, असेल. पण आता बदललं तर लोक मला चोर म्हणतील. माझं नाव आहे गं.’

‘मला म्हणतात त्याचं काय?’

‘तुला कोण ओळखतं, अक्का?’

रागानं नाही म्हणाली. अगदी सरळ, समजावून सांगावं तसं म्हणाली. त्या दिवशी मी काम केलं नाही. पाट भिंतीला टेकवून ठेवला. तीस वर्षांत सणवार सोडून पहिल्यांदा.

यानंतर काही महिन्यांनी तिचा मॅनेजर माझ्याकडे आला. पुण्याचा मुलगा, कोरमंगलात ऑफिस. गोड बोलणारा. त्याला चहा दिला. चिन्नीच्या सुरुवातीच्या आयुष्यावर मोठी फिल्म करतायत म्हणाला. मोबाइलवर, टीव्हीवर, सगळीकडे दिसेल.

‘ताई, तुमचं लहानपणीचं कॉटनपेटचं घर आता गोडाऊन झालंय. तिथे शूट होणार नाही. पण मॅमनी तो बसवनगुडीचा बंगला मिळवला. ॲक्च्युअल लोकेशन! आणि त्या आजीपण आहेत अजून. पंच्याऐंशीच्या. सो आम्हाला असं एक क्लोजर पाहिजे.’

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे तुम्ही आजींना साडी परत द्यायची. सॉरी म्हणायचं. त्या माफ करणार. मॅम मागे उभ्या असतील. एकदम इमोशनल होईल, ताई.’

मी म्हटलं, ‘सॉरी कशाबद्दल?’

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. जाताना सहज सांगावं तसं त्यानं सांगितलं, की सिनेमाच्या सेटवरून ज्या साड्या माझ्याकडे कुच्चूला येतात त्या मॅमच्या शब्दावर येतात. तेही मला माहीत होतंच.

मी गेले. का गेले, हे स्वतःला खूपदा विचारलं. भीतीनं गेले नाही. मला वाटलं, त्याच व्हरांड्यात चिन्नी माझ्या शेजारी उभी राहिली तर तिला बोलवणार नाही खोटं. रक्त आहे एका आईचं. इतकी वर्षं गेली तरी माणूस असलं काहीतरी धरून बसतो. मूर्खपणा, दुसरं काय.

बंगला तसाच आहे. नवा रंग दिलाय. दुपारची वेळ, अंगणभर वायरी, दिवे. मी पुढच्या फाटकाशी गेले तर एकानं अडवलं. ‘अम्मा, क्रू पक्कद गेटिंद.’ म्हणजे बाजूच्या फाटकातून. मी त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्याच फाटकातून आत गेले.

वकीलअक्का व्हरांड्यात खुर्चीवर होत्या. अंग आटलेलं, पण कान-डोळे शाबूत. चिन्नी त्यांच्या खुर्चीच्या मागे, साधी सुती साडी नेसून. गरिबीची म्हणून मुद्दाम निवडलेली. तिनं मला डोळ्यांनीच ‘ये’ म्हटलं. माझ्या हातात घडी घातलेली रेशमी साडी दिली. दुकानाच्या घडीत, कागदासकट. मॅनेजर म्हणाला, ‘ताई, एवढंच म्हणा. अक्का, मी चुकले. बास.’

कॅमेरा सुरू झाला. मी चिन्नीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडेही नव्हती. कुठेतरी मधेच बघत होती, डोळ्यांत पाणी आणून.

तिथे जे काय धरून बसले होते ते माझ्या हातून सुटलं.

मी वकीलअक्कांना म्हटलं, ‘अक्का, साडी चिन्नी नेसली होती. आईनं नेसवली. मी फक्त घडी घातली. चुकीची घातली.’

कुणीतरी ‘कट’ म्हणालं, पण कॅमेरा चालूच राहिला. तेवढ्यात वकीलअक्का बोलल्या. आवाज बारीक झाला होता, पण ठसका तोच.

‘मला काय नवं सांगतेस? मला माहीत होतं की.’

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

‘साडीला पावडरीचा वास होता. तुझ्या अंगाला नुसत्या खोबरेल तेलाचा. तेव्हाच कळलं मला, ही नव्हे म्हणून.’

मी विचारलं, ‘मग?’

‘मग काय? लग्नघर होतं. बायका बघत होत्या. कुणाला तरी उभं करायलाच हवं होतं. तुझ्या आईला उभं केलं असतं तर माझ्या साड्या कोण बांधणार?’

लाज नाही, पश्चात्ताप नाही. भाजीत मीठ का घातलं हे सांगावं तशा त्या सांगत होत्या. वर म्हणाल्या, ‘पाणी द्या गं कुणीतरी.’

चौतीस वर्षं मी एकच गोष्ट समजत होते, की या बाईची चूक झाली. तिला खोटं सांगितलं गेलं, म्हणून तिनं मला उभं केलं. आईचा राग केला मी, चिन्नीचा केला, स्वतःच्या घडीचा केला. या बाईचा पुरा कधी केलाच नाही. आणि तिला सगळं माहीत होतं. माझी काख हुंगताक्षणी तिला कळलं होतं की मी निर्दोष आहे. त्यानंतरही हात वर ठेवले माझे.

मी साडी तिच्या मांडीवर ठेवली नाही. पायरीवरच उलगडली, सगळी, टोकापासून टोकापर्यंत, अंगणातल्या वायरींवर. आयुष्यात पहिल्यांदा परकी साडी पूर्ण उघडली. मग चिन्नीला म्हटलं, ‘आता घडी तू घाल.’

पुढच्या फाटकातूनच बाहेर आले.

चिन्नी मागे आली नाही. मॅनेजर आला. रिक्षा थांबवून देता देता म्हणाला, ‘डोन्ट वरी ताई, ते सगळं एडिटमध्ये निघून जाईल. तुम्ही फक्त रिलीज फॉर्मवर सही करा. गोष्ट जुनीच ठेवू.’

म्हणजे मी बोलले, ती म्हातारी बोलली, कॅमेऱ्यानं ऐकलं, आणि तरी काही झालं नाही. कापता येतं. माझंच तोंड ठेवून माझे शब्द कापता येतात. पण कापायला त्यांना माझी सही लागते. हे मला त्या मुलामुळे कळलं. त्याचे आभार.

कागद दुसऱ्या दिवशी घरी आला. इंग्रजीत. माझ्याकडची एक पोरगी बी.कॉम. करते, तिनं मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला. माझा चेहरा, माझी गोष्ट, पाहिजे तशी दाखवायला माझी हरकत नाही. वर्णन केलेल्या घटना माझ्या माहितीप्रमाणे खऱ्या आहेत. खाली एक ओळ. सहीची.

मी कन्नड शाळेत शिकले. मराठी अक्षरं वडिलांनी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत गिरवून घेतली होती. माझं अक्षर चांगलं नाही. तरी त्या ओळीवर मी सावकाश लिहिलं आणि कागद परत पाठवला.

संध्याकाळी फोन आला. ‘ताई, सहीच्या जागी काय लिहिलंय तुम्ही?’

‘मराठी वाचता येतं ना तुला?’

‘येतं ना.’

‘मग वाच. मोठ्यानं वाच.’

तो अडखळला. मग वाचलं. ‘साडी चिन्नी नेसली. आईनं नेसवली. घडी मी घातली.’

‘पुढे वाच.’

‘वकीलअक्कांना माहीत होतं.’

‘हे जसंच्या तसं दाखवणार असाल तर सही देते. एक शब्द काढलात तर नाही.’

‘ताई, मॅमच्या करिअरचा प्रश्न आहे.’

‘असू दे,’ मी म्हटलं.

त्याला तीन आठवडे झाले. सिनेमाच्या साड्या यायच्या बंद झाल्या. पेटी निम्मी रिकामी आहे. चिन्नीनं एकदाच फोन केला. रडली. खरं रडली की कसं, मला आता ओळखता येत नाही. म्हणाली, ‘अक्का, आई असती तर तिनं तुला सही करायला लावली असती.’ हे मात्र तिनं अगदी खरं सांगितलं. आईनं लावलीच असती. केसरीभात करून लावली असती.

माझ्याकडच्या चार पोरींना मी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. साडी द्यायला जाल तर पुढच्या फाटकातून जायचं, नाही घेतलं तर साडी घेऊन परत यायचं. आणि कुणी हात वर कर म्हटलं, तर आधी विचारायचं, का? उत्तर मिळेपर्यंत हात खालीच ठेवायचे.

मी सही केलेली नाही. करणार नाही. चिन्नी पायाशी येऊन बसली तरी नाही. पेटी पुरती रिकामी झाली तरी नाही. तिनं विचारलं होतं, तुला कोण ओळखतं? आजपर्यंत चोर म्हणून ओळखत होते. आता सही न देणारी म्हणून ओळखतील.